शून्य मैलावरचे गाव : सुलिना

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. डॅन्यूबच्या बाबतीत हा सल्ला अगदी लागू पडतो, कारण तिचा उगम नेमका कोठे मानावा याबद्दल जर्मनीतील दोन गावांचा जुना वाद आहे. तिचे अंतर मात्र उगमापासून मोजतच नाहीत. सुमारे 2,850 किलोमीटर वाहून येणारी ही नदी मुखापासून उलटी मोजली जाते आणि त्या मोजणीचे शून्य रोमानियाच्या पूर्व टोकावरील सुलिना या गावात आहे. तीन-साडेतीन हजार वस्तीचे हे बंदर देशाच्या रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेले नाही. तेथे जायचे ते पाण्यानेच. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी तेथे तीन रात्री राहिलो.

रोमानिया 1 जानेवारी 2025 पासून शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील झाला असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकांना आता वेगळा रोमानियन व्हिसा काढावा लागत नाही, शेंगेन व्हिसा पुरतो. आम्ही मुंबईहून इस्तंबूलमार्गे बुखारेस्टला उतरलो आणि तेथून तुल्चाला जाणारी लहान बस पकडली, जिला तिकडे मॅक्सी-टॅक्सी म्हणतात. अंतर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास असून वेळ साधारण पाच तास लागतो. रेल्वेही आहे, परंतु ती फार वळसा घेऊन आणि रमतगमत जाते. तुल्चा हे त्रिभुज प्रदेशाचे दार आहे आणि सुलिनाची बोट तेथूनच सुटते. आमची बस वाटेत रखडल्यामुळे दुपारी दीडची बोट अवघ्या पंधरा मिनिटांनी चुकली आणि एक रात्र तुल्चात काढावी लागली. त्यामुळे बुखारेस्टहून सकाळी निघून त्याच दिवशी सुलिना गाठण्याचा बेत कोणी करू नये. आदल्या रात्री तुल्चात मुक्काम करावा. धक्क्यावर संध्याकाळ चांगली जाते आणि त्रिभुज प्रदेशाविषयीचे, मत्स्यालय असलेले संग्रहालय पाहून होते.

बोटी दोन प्रकारच्या आहेत. वेगवान बोट दोन तासांच्या आसपास पोहोचवते, तर मोठी, संथ प्रवासी बोट चार-साडेचार तास घेते. जाताना संथ बोटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगवान बोटीत बंद काचेआड बसावे लागते. संथ बोटीच्या उघड्या डेकवर मात्र गावकरी, त्यांच्या पिशव्या, भाजीची रोपे, सायकली, एखादे धुलाईयंत्र आणि कुत्री अशी सारी वसाहत आपल्याबरोबर चालत असते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने गेलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. वाटेतील मालियुक, गोर्गोवा, क्रिशान या थांब्यांवर दोरखंड फेकले जातात, सामान हातोहात उतरते आणि बोट पुन्हा प्रवाहाला लागते. दोन्ही काठांना वाळुंज आणि बोरूची रांग असून मधूनच पाणकावळे किंवा पेलिकनांचा थवा दिसतो. तरीही पक्ष्यांसाठी ही वाट नव्हे, कारण समुद्रगामी जहाजांची वर्दळ याच पाण्यात असते. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते आणि हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, तेव्हा निघण्याआधी ते तपासावे. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी तिकीट आगाऊ घ्यावे.

काठावरील पाट्यांवरचे आकडे मात्र लक्षपूर्वक पाहावेत. समुद्रापासून ब्राइलापर्यंतच्या सागरी डॅन्यूबवर अंतर किलोमीटरांत नव्हे, तर सागरी मैलांत लिहिलेले असते आणि सुलिनाकडे जाताना ते कमी कमी होत जाते. ही नदी असली तरी तिचा हा फाटा बराचसा माणसाने घडवलेला आहे. 1880 ते 1902 या काळात त्याची नागमोडी वळणे कापून काढण्यात आली आणि त्याची लांबी 45 सागरी मैलांवरून 34 वर आली. मिला 23 नावाचे मासेमारीचे गाव आज मुख्य जलमार्गापासून बाजूला, तोडलेल्या जुन्या वळणावर आहे. नावातला आकडा जुन्या मोजणीचा आहे. नदी सरली, नाव राहिले.

हे काम करणाऱ्या संस्थेचे नाव ठाऊक नसेल तर सुलिना पाहून काहीच हाती लागत नाही. क्रिमियन युद्धानंतर 1856 च्या पॅरिस तहान्वये डॅन्यूबचा युरोपीय आयोग स्थापन झाला. त्यात ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया, प्रशिया, रशिया, सार्डिनिया आणि तुर्कस्तान होते. काळ्या समुद्रातून धान्य न्यायला येणारी जहाजे सुलिनाच्या तोंडावरील गाळात रुतत, फुटत. तेथे पाणी जेमतेम नऊ फूट असे. आयोगाचा इंग्रज अभियंता चार्ल्स हार्टली याने मुखाच्या दोन्ही अंगांनी समुद्रात बांध घातले, जेणेकरून प्रवाह अरुंद होऊन स्वतःच्याच जोराने गाळ वाहून नेईल. 1861 मध्ये हे बांध पुरे झाले तेव्हा खोली सोळा फुटांवर गेली होती. गाळ मात्र हटत नाही, तो केवळ पुढे सरकतो. त्यामुळे बांधही पुढे पुढे वाढवावे लागले आणि आज ते कित्येक किलोमीटर समुद्रात शिरलेले आहेत.

आयोगाचे मुख्यालय गालात्स येथे होते, पण कामाचा गाडा सुलिनातून चाले. 1870 मध्ये गाव मुक्त बंदर झाले आणि ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू, इटालियन, इंग्रज, रशियन अशी सरमिसळ वस्ती येथे नांदू लागली. 1878 मध्ये दोब्रोजा प्रांत रोमानियाकडे आल्यावरही आयोगाचा अंमल टिकून होता. 1931 मध्ये मुक्त बंदराचा दर्जा गेला, त्याच दशकाच्या अखेरीस आयोगाची सत्ताही संपली. 1984 मध्ये चेर्नावोडापासून थेट काळ्या समुद्राला मिळणारा कालवा खुला झाला, तेव्हापासून वरच्या डॅन्यूबकडची पुष्कळशी जहाजे सुलिनाला वळसा घालून यायचीच थांबली.

या साऱ्याच्या खुणा अर्ध्या दिवसाच्या पायपिटीत दिसतात. गावातील रस्ते नदीला समांतर असून त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. पहिला रस्ता म्हणजे धक्का, मग दुसरा, तिसरा, असे थेट सहापर्यंत. पहिल्या रस्त्यावर झाडांची सावली, खाणावळी आणि आयोगाचा पांढरा, रुंद प्रासाद आहे. दुसऱ्यावर पडक्या, पण नक्षीदार छज्ज्यांची घरे दिसतात. चौथ्याच्या पुढे गेलात की कोंबड्या, बोरूची कुंपणे आणि वाळत घातलेली जाळी लागतात. जुने दीपगृह आयोगाने 1870 च्या सुमारास बांधले, तेव्हा ते जहाजांना मुख दाखवी. आज ते चक्क घरांच्या मध्ये उभे आहे, कारण समुद्र दूर गेला. आत छोटे संग्रहालय आहे. तेथे आयोगाबरोबरच येथे 1887 मध्ये जन्मलेला वाद्यवृंदसंचालक जॉर्जे जॉर्जेस्कू याचीही आठवण जपली आहे. जिना अरुंद आहे, पण वर चढावे. नदी, दलदल आणि समुद्र हे तिन्ही एका नजरेत येतात आणि ज्या जमिनीवर आपण उभे आहोत ती किती नवी आहे, ते नकाशाविना कळते.

सर्वांत जास्त वेळ मात्र आम्ही दफनभूमीत घालवला. गावातून समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती आहे. ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, अँग्लिकन, मुसलमान, ज्यू आणि जुन्या विधींचे रशियन अशा सर्वांच्या जागा येथे एकमेकींना लागून आहेत. अँग्लिकन भागातील शिळा वाचत गेले की वय वीस, बावीस, चोवीस असे आकडे आणि बुडून, तापाने, जहाजावरून पडून अशी कारणे पुन्हा पुन्हा येतात. एका शिळेवर 1868 मध्ये बुडणाऱ्या तरुणीला वाचवताना प्राण गमावलेल्या जहाजावरील अधिकाऱ्याची हकीकत कोरली आहे. ती तरुणीही वाचली नाही. ग्रीक चाच्याची कबर म्हणून दाखवली जाणारी शिळाही येथेच आहे. मुसलमानी भागातील शिळांवर जुन्या लिपीतील तुर्की मजकूर आहे. त्या भागात गवत गुडघाभर वाढलेले असते, म्हणून पूर्ण विजार आणि बंद बूट घालावेत. गोचिडींचा त्रास होऊ शकतो. दुपारी सावली मुळीच नाही, तेव्हा सकाळीच जावे.

किनारा गावापासून दोनेक किलोमीटरांवर आहे आणि उन्हाळ्यात तेथे छोट्या गाड्या ये-जा करतात. वाळू बारीक, उतार अगदी मंद आणि पाणी नदीमुळे गढूळसर असते. निळा समुद्र हवा असेल तर येथे येऊ नये. गाई मोकळ्या फिरतात आणि उन्हाच्या वेळी पाण्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात. रोमानियात सूर्य सर्वांत आधी या पट्ट्यात उगवतो, म्हणून आम्ही पहाटे पाचच्या आधी चालत गेलो, आणि डासांनी पुरेपूर दक्षिणा वसूल केली. डासांचा हंगाम जून-जुलैत ऐन भरात असतो. आपल्याकडील मलम तेथे कमी पडते. तुल्चातील औषधाच्या दुकानातून तिकडचेच द्रव्य घ्यावे, अंगभर कपडे ठेवावेत आणि खोली घेताना खिडक्यांना जाळी आहे का ते आधी विचारावे. सप्टेंबरात डास कमी आणि गर्दीही कमी असते. माझी पुढची खेप त्या महिन्यात असेल.

एक दिवस लेतेआसाठी ठेवावा. सुलिनाच्या उत्तरेस, होडीने कालव्यांतून जाऊन, पुढे गावातील गाडीने हे वन गाठता येते. वाळूच्या टेकड्यांमधील खोलगट पट्ट्यांत ओकची जुनी झाडे आणि त्यांवर चढलेल्या वेली असे ते विलक्षण जंगल आहे. 1938 पासून ते संरक्षित असून ठरलेल्या वाटांवरूनच फिरू देतात. भोवतालच्या माळावर मोकाट घोड्यांचे कळप दिसतात. संपूर्ण त्रिभुज प्रदेश हे जैवावरण राखीव क्षेत्र असून 1991 पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यात होडीने हिंडायचे तर परवाना लागतो. तो तुल्चात मिळतो, काही होडीवाले शुल्कात धरतात, पण तसे गृहीत धरू नये. होडी ठरवताना किती तास, कोणता मार्ग, किती माणसे आणि एकूण किती लेई (रोमानियाचे चलन), हे चारही प्रश्न आधीच विचारावेत. आम्ही तिसरा प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे सहा जणांच्या होडीत नऊ जण झाले.

राहण्यासाठी पेन्सियुने, म्हणजे घरगुती अतिथिगृहे, उत्तम. बहुतेकांच्या अंगणात द्राक्षवेलीखाली जेवणाचे टेबल असते. मासे खाणाऱ्यांची चंगळच आहे : मरळीच्या तोडीचा शलाऊ, सोम, कार्प, आणि कोळ्यांचे आंबट कालवण बोर्श, ज्यातील मासे वेगळे काढून लसणाच्या चटणीबरोबर देतात. स्टर्जन या माशाच्या शिकारीवर 2006 पासून बंदी आहे. कोणी 'अस्सल' म्हणून पुढे केला तरी घेऊ नये. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, फक्त 'दे पोस्त' हे दोन शब्द पाठ करावेत. ऑर्थोडॉक्स उपवासाचे, म्हणजे मांस, मासे, दूध आणि अंडी यांविना केलेले जेवण असा त्यांचा अर्थ असून तो प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक असतो. भाजलेल्या वांग्याची 'सालाता दे विनेते' ही आपल्या भरिताची सख्खी बहीण निघाली, फक्त फोडणीविना. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला मामालिगा पोट भरतो. दूध चालत असेल तर त्यावर चीज आणि साय घ्यावी. रोख लेई तुल्चातूनच बरोबर घ्यावेत, कारण गावात यंत्रे मोजकी आहेत आणि शनिवारी-रविवारी ती रिकामी असू शकतात.

युद्धाबद्दल लिहिणे भाग आहे. उत्तरेकडील किलिया फाट्यापलीकडे युक्रेन आहे, आणि 2023 च्या उन्हाळ्यात रशियाने युक्रेनचे धान्य काळ्या समुद्रातून नेऊ देण्याचा करार मोडल्यापासून तेथील इझमाईलसारख्या नदीबंदरांवर ड्रोनहल्ले होत आले आहेत. त्याच काळात धान्य भरण्यासाठी येणाऱ्या जहाजांची सुलिनासमोर मोठी रांग लागली होती. आमच्या दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास दोघांचेही फोन कर्कश वाजले आणि रोमानियनमध्ये सूचना झळकली. आमच्या यजमानीणबाई दारात आल्या, घराच्या आतल्या बोळात बसा एवढे खुणेने सांगून त्यांनी चहा ठेवला. पाऊण तासाने धोका टळल्याचा संदेश आला. गावकऱ्यांना याची सवय झाली आहे. पाहुण्याला होईल असे नाही. निघण्यापूर्वी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचाव्यात, फोनमधील आणीबाणीचे संदेश बंद करू नयेत आणि बंदरातील जहाजांची किंवा गस्ती नौकांची छायाचित्रे काढण्याआधी विचारावे.

किती दिवस राहावे, असा प्रश्न येईल. संथ बोट दुपारी निघून संध्याकाळी पोहोचते आणि परतीची पहाटे सातला सुटते, त्यामुळे एक रात्र राहणाऱ्याला गावाचा फक्त अंधार दिसतो. किमान दोन रात्री हव्यात, लेतेआ धरून तीन. परतीच्या सकाळी यजमानीणबाईंनी पावाच्या तुकड्यात तळलेला मासा आणि माझ्यासाठी विनेते बांधून दिले होते. बोटीने भोंगा दिला, दीपगृह मागे पडले, आणि काठावरचे आकडे एकापासून पुन्हा वाढू लागले.