हशा आला ती जागा

रविवार, रात्री पावणेबारा

कॉलेज रोडवरच्या हॉलमधून आत्ताच घरी आलो. मेकअपची पेटी अजून दारातच पडली आहे. प्रयोग पडला म्हणावं तर तसंही नाही, टाळ्या भरपूर मिळाल्या. तरी झोप येणार नाही, म्हणून वही घेतली.

मी लिहिलेल्या या एकांकिकेत एक प्रवेश आहे. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची आरती चाललीय, टाळ वाजतोय, आणि आत स्वयंपाकघरात नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो. आठवड्यापूर्वी तालीम बघायला आलेल्या आयोजकांनी मला बाजूला घेतलं. "आरती तेवढी काढा. कुणाच्या भावना दुखावल्या, कुणी येऊन गोंधळ घातला, तर आम्ही काय करायचं?" मी नाही म्हणालो. आरती काढली तर त्या घरात काहीच उरत नाही. बराच वेळ वाद झाला, शेवटी त्यांनी ऐकलं. त्या सगळ्या वादात थोबाडीत मारण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

आज आरतीला कुणी हललंसुद्धा नाही. थोबाडीत बसली आणि मागच्या रांगांतून हशा आला. एकाने शिट्टी मारली. मी विंगेत संहिता धरून उभा होतो. तिने गालावर ठेवलेला हात खाली येईना, पुढचं वाक्य तिला सुचेना. मी दोनदा कुजबुजलो तेव्हा कुठे ती बोलली. प्रयोग संपल्यावर पदराची पिन काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, ते माझ्यावर हसले."

आधी पोरांचाच राग आला. टवाळ कुठली. मग उंटवाडीच्या पुलावर गाडी बाजूला घेतली आणि मोबाइलच्या उजेडात ते पान काढलं. थपडेच्या बरोबर आधीचं वाक्य माझं आहे. नवरा वरण चाखून म्हणतो, "गोदावरी आटेल, पण तुझ्या वरणातलं पाणी आटायचं नाही." हशा हमखास. आणि तालमीत मीच बजावलं होतं, हशा ओसरायच्या आत हात उठला पाहिजे. लोक हसत होतेच, मी त्यांच्या हसण्यातच थप्पड टाकली. हसू आवरायला त्यांना क्षणभरही दिला नव्हता.

बघणारा काय करेल, त्याचं खापर नाटकावर फोडता येत नाही. आपल्या नाशिकचंच बघा. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा प्रयोग होता देवलांच्या 'संगीत शारदा'चा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरीचं नाटक! शारदेच्या कुठल्या पदातून पिस्तूल निघतं? पुढच्याच वर्षी सरकारने बंदी घातली ती मात्र 1907 पासून चालू असलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर, कारण त्यातल्या कीचकात लोकांना माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. नाटकं बंद पाडायला 1876 चा कायदा तयारच होता. तो मोडीत निघायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली.

1989 साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की निदर्शनांच्या, हिंसेच्या धमक्यांना भिऊन अभिव्यक्ती दाबता येणार नाही, सुव्यवस्था राखणं सरकारचं काम आहे. आयोजकांना मी हेच ऐकवलं होतं. त्यातला शब्द न् शब्द मला आजही पटतो. गोंधळ घालणारा जे करेल ते त्याचं, त्यासाठी मी माझी आरती काढणार नाही.

पण "ते माझ्यावर हसले" याला ते उत्तर चालत नाही. शिट्टी वाजवणाऱ्याची लाज त्याची त्याला असो. हशा मात्र मी बोलावला होता, तोही तिच्या गालाच्या नेमका आधी. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या कुठल्याही मंडळाला ही जागा सापडली नसती. कागदावर तिथे फक्त वरण आहे.

मघाशी तिला फोन केला. जागीच होती. म्हटलं, वरणाचं वाक्य काढतोय. तो जेवेल, गप्प जेवेल, बाहेर आरती चालू राहील, आणि मग.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, "किती वेळ गप्प?"

म्हटलं, उद्या तालमीत तू सांग.

"आरतीचं अख्खं एक कडवं होऊ दे, दादा," ती म्हणाली.