गाडीपुढे वाकलेला विश्वविजेता

२७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर जर्मन चालक सेबॅस्टियन व्हेटेलने फॉर्म्युला वनचे सलग चौथे विश्वविजेतेपद पक्के केले, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. शर्यत संपल्यावर गाडी नेमून दिलेल्या जागी न नेता त्याने ती मुख्य पट्ट्यावरच गरगर फिरवली, टायरच्या धुराचा लोट उठवला, मग खाली उतरून तो तिच्यासमोर गुडघे टेकून वाकला आणि जाळीवर चढून त्याने आपले हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. या हौसेपायी त्याला समज मिळाली आणि संघाला २५,००० युरोंचा दंड झाला. पुण्यात आमच्या घरी टीव्हीसमोर बसलेला माझा आतेभाऊ, जो व्हेटेलचा प्रतिस्पर्धी फर्नांडो अलोन्सोचा कट्टर भक्त आहे, त्यावर एवढेच म्हणाला, "बघ, जिच्यामुळे जिंकला तिच्याच पाया पडतोय."

व्हेटेल थोर की त्याची गाडी, हा आमचा वाद तेव्हाही जुना होता आणि अजून मिटलेला नाही. त्याची बाजू कच्ची नाही, हे मी आधीच कबूल करतो. व्हेटेलच्या रेड बुल संघाची गाडी अ‍ॅड्रियन न्यूई या नामवंत डिझायनरच्या हातची होती; व्हेटेल शनिवारी पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवायचा, रविवारी पहिल्या दोन फेऱ्यांतच एका सेकंदाहून अधिक अंतर काढायचा, म्हणजे तिसऱ्या फेरीपासून मागच्याला डीआरएस (पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलेल्याला मागचा पंख उघडून वेग वाढवू देणारी सोय) वापरण्याची मुभा मिळाली तरी तिचा उपयोग नसायचा, आणि पुढचा दीड तास आपण एकट्या गाडीची मिरवणूक बघायची. २०१३ मध्ये तो सलग ९ शर्यती जिंकला तेव्हा इटलीतल्या मॉन्झाच्या पोडियमवर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आतेभावाचा हुकमी एक्का तर आणखी धारदार आहे : संपूर्ण कारकिर्दीतल्या ५३ विजयांपैकी एकही विजय त्याने तिसऱ्या क्रमांकाच्या मागून सुरुवात करून मिळवलेला नाही.

माझे मत बदलायला सुरुवात झाली ती मात्र आकड्यांमुळे नव्हे, तर कानांमुळे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत पाहायला मी बुद्ध सर्किटवर गेलो होतो आणि एका संथ वळणाजवळच्या स्टँडमध्ये बसलो होतो. व्हेटेलने पोलपासून शेवटापर्यंत आघाडी सोडली नाही आणि चौकटीचा झेंडा सचिन तेंडुलकरने फडकवला, हे सगळ्यांना आठवते. मला आठवतो तो वळणात शिरताना, पाय थ्रॉटलवरून निघाल्यावरही, त्या गाडीतून येणारा तडतड आवाज, जणू कोणी मोठ्या कढईत लाह्या फोडत आहे. चालकाने थ्रॉटल सोडले तरी इंजिनातून वायू बाहेर फेकला जात राहावा आणि तो गाडीच्या तळाशी मागे असलेल्या डिफ्यूझर या भागावरून वाहून गाडीचा मागचा भाग जमिनीला दाबून धरावा, अशी ती योजना होती. यातली मेख अशी की मागचा भाग निसटतो आहे असे वाटताच माणसाचा पाय आपोआप वर येतो, आणि त्या गाडीत नेमके तेव्हाच थ्रॉटल दाबण्याची छाती लागत असे, कारण दाबल्यावरच पकड वाढायची. व्हेटेलने हे अंगी बाणवले होते. तशीच गाडी चालवणारा त्याचा संघसहकारी मार्क वेबर, जो काही सामान्य चालक नव्हता, त्या मोसमात २५८ गुणांवर आणि एका विजयावर थांबला, तर व्हेटेल ३९२ गुण आणि ११ विजयांवर पोहोचला. नाचता न येणारा अंगणाला वाकडे म्हणतो हे खरे, पण अंगण सरळ असले म्हणून कोणालाही नाचता येते असे नाही.

याचीच दुसरी बाजू २०१४ मध्ये दिसली आणि ती मी लपवणार नाही. हायब्रिड इंजिने आली, एक्झॉस्टची ती करामत गेली आणि नव्याने आलेल्या डॅनियल रिकार्डोने त्याच संघात ३ शर्यती जिंकल्या, तर विश्वविजेत्याला एकही जिंकता आली नाही. पुढे फेरारी संघात गेल्यावर २०१८ मध्ये जर्मनीतल्या हॉकेनहाइमला, घरच्या प्रेक्षकांसमोर, आघाडीवर असताना भुरभुर पावसात त्याने फेरारी खडीत घालून भिंतीवर नेली. याच माणसाने २००८ साली मॉन्झाच्या पावसात, वयाच्या २१ व्या वर्षी, टोरो रोसो या रेड बुलच्याच धाकट्या संघाला पोल आणि विजय मिळवून दिला होता, तेही थोरल्या रेड बुल संघाच्या खात्यात एकही विजय नसताना.

२०१२ च्या अखेरच्या शर्यतीला, ब्राझीलमधल्या इंटरलागोसला, मी सर्वाधिक वजन देतो. अलोन्सोवर १३ गुणांची आघाडी घेऊन आलेला व्हेटेल पहिल्याच फेरीत ब्रुनो सेनाच्या गाडीला धडकला आणि उतारावर उलट तोंडाने थांबला; सगळी रांग अंगावर येत असताना आणखी कोणाची धडक बसली नाही हे त्याचे नशीब, पण पुढचे नशीब नव्हे. गाडीची एक बाजू चेपलेली, रेडिओ बिघडलेला, पाऊस येऊन-जाऊन, आणि तरीही शेवटून सुरुवात करून तो सहावा आला. अलोन्सो दुसरा आला. विजेतेपद ३ गुणांनी ठरले.

त्यामुळे माझा निवाडा असा : व्हेटेल महान होता, पण त्याची महानता एका विशिष्ट प्रकारच्या गाडीशी जुळलेली होती, आणि म्हणूनच कोणतीही गाडी दिली तरी तिच्यातून वेग काढणाऱ्या आयर्टन सेना किंवा लुईस हॅमिल्टनच्या पंगतीत मी त्याला बसवत नाही. २०१३ मध्ये मलेशियातल्या सेपांगला संघाचा हुकूम मोडून त्याने वेबरला मागे टाकले, त्याचा राग अनेकांना अजून आहे, पण तो सज्जनपणाचा प्रश्न झाला. राहता राहिला अलोन्सो. कमी वेगाची फेरारी घेऊन तो २०१२ मध्ये जे लढला, ते पाहता त्या एका वर्षापुरते मी त्यालाच वर ठेवतो, आणि हे ऐकल्यावरही आतेभावाचे समाधान होत नाही. इंटरलागोसची पहिली फेरी तो मला पुन्हा लावायला सांगतो आणि व्हेटेलची गाडी उलटी फिरली की दर वेळी खुर्चीत पुढे सरकून बसतो.