पेठ वसवणाऱ्या घराण्याचं दफ्तर, रुमाल दुसरा: कौल लागला, कबज अडलं

दुसरा रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं कापडी गाठोडं, सोडून झाला. आत ४१ कागद, त्यातले तीन लांब जोडबंद (एकाखाली एक चिकटवलेले ताव). घराण्याला घाटपायथ्याची ओस जागा पेठ वसवायला मिळाली आणि सोबत शेटेपणाचं (पेठेच्या मुखत्यारीचं) वतन, तेव्हा इथे कौल (वसाहतीचं सरकारी अभयपत्र), इस्तावा (साल दरसाल चढत जाणारा सारा) आणि हक्क-लाजिम्याच्या (वतनदाराला मिळणाऱ्या हक्कांच्या) याद्या निघणार हा अंदाज होताच. निघाल्या त्याच क्रमाने मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घातलेत, २/१ ते २/४१. आधी वाचू, मग लावू, असं म्हणत क्रम मोडू नका. २/७ हा इस्तावा बिनतारखेचा आहे, पण तो २/६ या कौलाच्या घडीत होता. तारखेचा अर्धा पुरावा तोच.

सफाई कोरडीच. मऊ केसांचा चपटा ब्रश, मधून कडेकडे, दाब न देता. अक्षरांवर चकाकणारे कण दिसतात ती शाई टिपायला टाकलेली वाळू. ती घासली की बोरूची रेघ खरवडते, म्हणून कागद किंचित तिरका धरून कण ओघळू द्यायचे. काळी शाई काजळ-डिंकाची, पाण्याने सुटणारी. घडी सैल करायची तर आधी एखाद्या रेघेच्या शेपटाला ओलसर कापसाचं टोक लावून टिपकागद दाबा. काळं उतरलं तर ओलाव्याचा नाद सोडा. उतरलं नाही तर झाकणाच्या डब्यात तळाशी ओला टिपकागद, वर जाळी, जाळीवर कागद. दर अर्ध्या तासाने बघायचं, दोन तासांपुढे सहसा गरज लागत नाही. मग दोन कोऱ्या टिपकागदांत, काचेखाली, एक दिवस.

फाटलेल्या कडांना पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत, मग गाळून ताकासारखी पातळ. मैदा नको, त्यातला चीक कडक होतो आणि कसरीला मेजवानी मिळते. टिश्यू कात्रीने कापू नका, फाडा. तंतू मोकळे राहिले की जोड कागदात मिसळतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन नकोच, त्याबद्दल पुन्हा लिहायला लावू नका.

आता तारीख. कौलाच्या मथळ्यात ‘सन समान सितैन मया व अलफ’, शेवटी ‘छ १२ रबिलाखर’. सुहूर सनात (मराठी दफ्तरांतली, अरबी संख्याशब्दांत लिहिलेली कालगणना) एकं आधी येतात: समान ८, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११६८. हे साल मृगाला बदलतं, म्हणजे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. हा कागद सप्टेंबर १७६७च्या पहिल्या आठवड्यातला, एखाद दिवस इकडेतिकडे. सगळे कागद इतके सरळ नसतात. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख; ते वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून मृगाच्या आसपासची तारीख एकाच सुहूर सनात दोनदा येऊ शकते. तिथे वार किंवा तिथी मिळाल्याशिवाय इसवी तारीख लिहायची नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? दिवस पक्का झाला की पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तरातली त्या दिवसाची रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही) मागवता येते. त्यात कौलाची नोंद सापडली तर घरचा कागद अस्सल की मागाहून केलेली नक्कल, हा वाद निम्मा मिटतो. आपल्या २/६ वर अखेरीस मोर्तब (मजकूर संपल्याचा शिक्का) आहे. ठसा पुसट, पण फोनचा टॉर्च टेबलालगत आडवा धरला की कड उठते. शिक्क्यांची चित्रं ६०० डीपीआयने, बाकी कागद ३०० ला पुरतात.

इस्ताव्याचा हिशोब असा लागला: पहिलं साल माफ, मग १२॥, २५, ३७॥, ५०, बेरीज १२५. पहिल्या वाचनात बेरीज १२४ येत होती. कारण क्षुल्लक. मोडीत ॥ ही खूण अर्ध्याचीही आणि शब्द आखूड केल्याचीही. १२ आणि ३७ पुढची ॥ आखूडखूण धरली गेली आणि दोन अर्धे गळाले. त्यामुळे आकडे वाचताना बेरीज आधी वाचा, रकमा नंतर.

माफीचं साल कौलाचंच, ११६८, धरलं तर पुरता आकार (पूर्ण सारा) पाचव्या साली म्हणजे ११७२ ला, ‘इसन्ने सबैन’ला लागू व्हायला हवा. २/१९ हे नेमकं ५० रुपयांचं कबज (पैसे पोचल्याची पावती) आहे. सालाच्या जागी ‘इसन्ने स’, मग कसरीचं भोक, मग ‘न’. सितैन नाही, ते कौलाच्या आधीचं पडतं. सलासीन (३०) तर त्याहूनही आधीचं. उरले सबैन (७०) आणि समानीन (८०). समानीन लांब आहे, पण भोकाची रुंदी साधारण दोन अक्षरांची असल्याने दोन्ही बसू शकतात. कडेला शिरोरेघेखाली शाईचा एक ठिपका उरलाय, त्याचं मोठं चित्र काढून ‘ब’ आणि ‘म’ यांच्या वळणांवर ठेवून बघणं चालू आहे. त्याच हाताच्या २/२२ मध्ये दोन्ही अक्षरं सापडतात.