न लावलेली झाडं

पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरकडे गवत कमरेला लागतं आणि अजून हिरवं असतं. डंपवर काय उगवलंय ते मोजायला हेच दिवस बरे. वर्धा खोऱ्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीच्या डंपवर मी चार वर्षं हे काम करते आहे. कोळशापर्यंत पोहोचायला वरून जे काढून टाकतात, त्याचा झालेला डोंगर म्हणजे डंप. त्यात जमिनीचा क्रमच उलटतो. खोलवरचा वालुकाश्म, शेल आणि कोळशाचा चुरा वर येतो. काळी माती आधी वेगळी काढून ठेवली नसेल तर ती तळाशी गाडली जाते. मे महिन्यात तो काळा चुरा हाताला चटका देतो. पावसाचं पाणी त्यात मुरत नाही, घळी पाडत निघून जातं.

तिथे दीड-दीड फुटाचे खड्डे घेऊन, शेणखत आणि माती भरून आम्ही शिसू, करंज, कडुनिंब, आवळा, बांबू लावले. वरच्या सपाटीवर जुन्या लागवडीतली ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे. ती भराभर वाढते, रस्त्यावरून डोंगर हिरवागार दिसतो. आत शिरलं की पायाखाली नुसता तिच्या चिवट पानांचा थर. तो लवकर कुजत नाही, त्यातून गवताचं पातंही क्वचितच वर येतं. मला त्या हिरवेपणाचं कधी समाधान वाटलं नाही.

मोजणी सोपी आहे, पण वेळ खाते. दोरी आणि खुंट्यांनी 10 बाय 10 मीटरचा चौकोन आखायचा, त्यात झाडांचा घेर 1.37 मीटर उंचीवर घ्यायचा. आत 5 बाय 5 मध्ये झुडपं, 1 बाय 1 मध्ये गवतं. शेवटी तक्ता भरायचा: लावलेली रोपं किती, जिवंत किती, मेलेली किती.

त्या दिवशी आम्ही पश्चिमेच्या उतारावर होतो. तिथली आमची बहुतेक रोपं गेली होती. प्रत्येक खड्ड्यापुढे ‘मृत’ लिहिताना जीव तुटत होता. दोरीचं दुसरं टोक धरलेल्या मावशी, दरवर्षी निंदणीला येणाऱ्या, एका जागी थांबल्या आणि गवत बाजूला करून म्हणाल्या, “मॅडम, हे तं पळस हाय. मागच्या सालीबी होता इथंच. तुमीच तं काटाले लावला होता.”

वीतभर रोप. एका देठाला तीन पानं. बुंध्याशी विळ्याने कापल्याची जुनी खूण, आणि तिच्या बाजूने फुटलेला नवा कोंब.

मला जुलै आठवला. लावलेल्या रोपाभोवतीचं तण काढावंच लागतं, नाहीतर ते रोपाचं पाणी ओढतं. पण मी त्यावर थांबले नव्हते. चौकोन मोजायला सोपा जावा म्हणून “आपण लावलेलं सोडून सगळं काढा,” असं मीच सांगितलं होतं. बायांनी सांगितलं तसं केलं. वनस्पतिशास्त्र शिकलेली मी, आणि पळस मी तणात काढला.

मावशींनी सब्बलीने कडेचं दुसरं एक रोप उकरलं. एकच बास, असं मी म्हटलं तरी हात शिवशिवत होता. वर वीतभर देठ, आणि खाली मूळ हातभर जाऊनही टोक लागेना. बोटाएवढं जाड, मांसल, दगडांच्या फटीतून वाट काढत गेलेलं. “आमचा सासरा ह्याच्या मुळाचे दोर करे,” मावशी म्हणाल्या. उन्हाळ्यात पळसाच्या रोपाचा शेंडा वाळतो, मूळ खाली जीव धरून असतं आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतं. म्हणजे मे महिन्यात पाहिलं असतं तर मी त्यालाही मृतच लिहिलं असतं.

आलं कुठून, हेही समोरच होतं. उताराखाली शेताच्या धुऱ्यावर जुने पळस उभे आहेत. त्यांची शेंग कागदासारखी चपटी, टोकाशी एकच बी. उन्हाळ्याच्या पश्चिमेच्या वाऱ्यात ती उडत जाते. गुरंही पळसाला सहसा तोंड लावत नाहीत. आम्ही ज्या उतारावर हरलो होतो, तिथे पळस आपल्या पायाने चढला होता.

मग आम्ही सगळं सोडून फक्त न लावलेली झाडं शोधत सुटलो. गवतात वाकून, एकेक वाव. अकरा पळस सापडले. एका पाऊलवाटेच्या कडेने बोराची रोपं रांगेत होती. जवळच कोल्ह्याची विष्ठा, तिच्यात बोराच्या बिया. दोन सीताफळंही निघाली. तक्त्यात यांच्यासाठी रकानाच नव्हता. पेन्सिलीने मी कडेला एक आखला. पुढे त्याबद्दल मला विचारणा झाली, आणि मी तो काढला नाही. लावलेलं किती जगलं हे आमच्या कामाचं माप आहे. जमीन पुन्हा जमीन होते आहे का, ते या कडेच्या रकान्यात कळतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पुढच्या जुलैत निंदणीच्या आदल्या दिवशी मावशींनी सगळ्या बायांना उतारावर नेऊन काय ठेवायचं ते दाखवलं. प्रत्येक रोपाभोवती चुन्याचं कडं केलं. ऑक्टोबरमध्ये अकरांपैकी नऊ पळस होते. दोन घळीत वाहून गेले होते. त्या घळीच्या तोंडाशी आता दगडाचा बांध घातला आहे.