तुम्ही विचारलंत म्हणून: तुमचा तुमच्याच माणसांवर विश्वास नाही का?

गावी गेलो की हा प्रश्न येतोच. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि विमानं गावावरून जायला लागली, तेव्हापासून जास्तच. मी गोव्यात, विमानाची इंजिनं बांधून बसवणाऱ्या टीमचा सुपरवायझर आहे. माझा मामेभाऊ मालवणात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. आमच्याकडे एकाने केलेलं काम दुसरा तपासतो हे ऐकल्यापासून तो भेटला की विचारतो, "तुझो तुझ्याच माणसांवर इस्वास नाय काय रे?"

विश्वास आहे. तरीही तपासून घेतो, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

ओव्हरहॉल होऊन इंजिन येतं तेव्हा ते नुसतं इंजिन असतं. स्टार्टर, जनरेटर, नळ्या, वायरिंगचे हार्नेस आम्ही चढवतो. मग होइस्टने उचलून माउंटवर बसवायचं, विमानाशी जोडायचं आणि सुरू करून कुठे गळतंय का ते पाहायचं. जोडणाऱ्या हातांना काम येत नाही असं कधीच नसतं. उलट ते इतकं येतं की डोळ्यांना जे असायला हवं तेच दिसतं. स्वतः घट्ट केलेला नट स्वतःला घट्टच दिसतो.

5 मे 1983 ला ईस्टर्न एअरलाइन्सचं एक ट्रायस्टार विमान मायामीहून नासाऊला निघालं. तीन इंजिनं, 172 माणसं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. तेलात धातूचा कण आला तर पकडणारा हा छोटा चुंबकी तुकडा. तेल बाहेर येऊ नये म्हणून त्याला रबरी ओ-रिंग लागतात. मेकॅनिकना रोज रिंग बसवलेलेच डिटेक्टर हातात मिळत. त्या रात्री ते स्टोअरमधून आले, रिंगविना. तिन्ही जागी तसेच बसले आणि नव्या रिंग बसवल्याची सही कागदावर पडली. गळती तपासायला इंजिन फिरवलं, पण काही सेकंदच. तेवढ्यात तेल दिसलं नाही. हवेत मधल्या इंजिनाच्या तेलाचा दाब उतरला, वैमानिकांनी ते बंद करून विमान मायामीकडे वळवलं, आणि वाटेत उरलेली दोन्ही इंजिनं बंद पडली. आधी बंद केलेलं इंजिन समुद्राच्या वर जेमतेम चार हजार फुटांवर पुन्हा सुरू झालं आणि सगळे सुखरूप उतरले.

एका विमानाला एकापेक्षा जास्त इंजिनं देतात ती एक बंद पडलं तर दुसऱ्यावर यावं म्हणून. पण एकाच जोडीने, एकाच रात्री, एकाच सवयीने तिन्हींना हात लावला की ती तीन राहत नाहीत. म्हणून आमच्याकडे डाव्या इंजिनाला हात लावलेली जोडी उजव्याचं तेच काम करत नाही. माणसं कमी असली तर उजवं उद्यावर जातं. मामेभावाचं इंजिन समुद्रात बंद पडलं तर शेजारचा ट्रॉलर दोर टाकून त्याला बंदरात आणतो. आम्हाला दोर टाकणारं कोणी नाही.

तपासणारा कोण निवडायचा, हे माझं खरं काम. बरोबरीचा मित्र नको, तो "तू केलंयस ना, मग झालं" म्हणतो. नुकतंच ऑथरायझेशन, म्हणजे सही करायचा अधिकार, मिळालेला पोरगा जुन्या फिटरला दादा म्हणतो, त्याच्या डब्यातलं खातो. त्याच्या कामात खोट काढायला त्याची जीभ वळत नाही. ती वळायला शिकावी म्हणून मी मुद्दाम त्यालाच पाठवतो आणि दादालाही तसं सांगून ठेवतो. कुडाळकडच्या एका मुलीने अशाच तपासणीत लॉकवायर उलटी फिरवलेली पकडली. ही तार बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेने ओढून धरते. उलटी बसली तर ती असून नसल्यासारखी. जुन्या फिटरने काही न बोलता तार कापली, नवी ओवली आणि तिलाच पुन्हा बघायला बोलावलं. मला दोघांचाही फार अभिमान वाटला.

आमच्या किनाऱ्याचं आणखी एक आहे. खारी हवा इंजिनात शिरते, कंप्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांवर मीठ बसतं. ते तसंच राहिलं तर पुढे इंधनातल्या गंधकाशी मिळून टर्बाइनची तापलेली पाती खातं. म्हणून शुद्ध पाण्याने कंप्रेसर धुवावा लागतो. घाटावरून आलेल्या हुशार माणसालाही वायरिंगच्या कनेक्टरच्या पिनेवरची गंजाची हिरवी झाक सुरुवातीला दिसत नाही. वेंगुर्ल्यात घराच्या खिडक्यांचे गज गंजताना पाहत वाढलेल्याला ती आधी दिसते. तपासणीत असा एक तरी इथला असावा, असा माझा आग्रह असतो.

पण दुसरा डोळा सगळंच पकडतो असंही नाही. 25 मे 1979 ला शिकागोत अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-10 चं डावं इंजिन उड्डाणाच्या वेळी पायलॉनसकट, म्हणजे ते पंखाला धरून ठेवणाऱ्या सांगाड्यासकट, निखळलं. 273 माणसं गेली. निर्मात्याने इंजिन आणि पायलॉन वेगवेगळे काढायला सांगितलं होतं. वेळ वाचवायला कंपनीत दोन्ही एकदम फोर्कलिफ्टवर उतरवत, कारण त्यामुळे सोडायच्या जोडण्या 79 वरून 27 वर येत. त्यात पायलॉनच्या मागच्या भागाला तडा गेला. तिथे शेजारी उभा असलेला कुणीही "हे चुकलं" म्हणाला नसता, सगळे तसंच करत होते. अशा वेळी मॅन्युअल उघडून ओळीवर बोट ठेवणारा माणूस लागतो. तो मी व्हायचं ठरवलंय, मग वरून कितीही घाई येवो.

मामेभावाने परवा पुढचं विचारलं, "आणि तुका कोण तपासता?" माझ्या सह्यांचे कागद क्वालिटी विभागातल्या एक बाई वाचतात. वापरलेल्या टॉर्क रेंचचं, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणाऱ्या पान्याचं, कॅलिब्रेशन (माप बरोबर असल्याची तपासणी) कधीपर्यंत आहे, हे त्या नुसत्या कागदावरून मानत नाहीत. खाली हँगरमध्ये येतात, आणि मी रेंच काढून त्यांच्या हातात देतो.