इसाराआधीचे कागद: सोलापुरात पहिलं घर घेताना

घराचा व्यवहार आपल्याकडे बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतो. एजंट जागा दाखवतो, घर आवडतं, 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' असं कानावर घातलं जातं आणि त्याच संध्याकाळी इसार दिला जातो. कागद नंतर. एकदा पैसे अडकले की कागदात खोट निघाली तरी माणूस 'होईल काहीतरी' म्हणत पुढेच जातो. म्हणून खाली लिहिलेलं जवळपास सगळं इसाराआधी करायचं आहे.

सुरुवात जमिनीपासून. पेठांमध्ये बहुतेक ठिकाणी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते, ती सिटी सर्व्हे ऑफिसची. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी या भागांत अजून बऱ्याच जागी सातबारा चालतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बघू नका, डिजिटल सहीचा ताजा उतारा स्वतः काढा. त्यात आधी भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन धारकाकडे कोणत्या अटींवर आहे, ते बघा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कूळकायदा कलम ४३ चा (विक्रीवर बंधन असल्याचा) शेरा, इनाम किंवा देवस्थानाची नोंद, यांपैकी काही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. जमीन बिगरशेती आहे का, लेआउट मंजूर आहे का आणि तुमचा प्लॉट नंबर त्या मंजूर नकाशात खरोखर आहे का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'हो' असलं म्हणून बाकीच्यांचं तेच असेल असं नाही.

फेरफार, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, मागे ३० वर्षांपर्यंत वाचा. इथे सगळ्यात जास्त अडतं ते बहिणींवरून. वडील गेले, भावांनी नावं लावून घेतली, बहिणींची नोंद नाही किंवा 'त्यांनी तोंडी हक्क सोडला' असं सांगितलं जातं. तोंडी हक्क सुटत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांचीही सही हवी. आत्ता राजीखुशीने मिळणारी सही भाव वाढल्यावर मिळत नाही, आणि तेव्हा दावा तुमच्या घरावर येतो. नावांकडेही लक्ष द्या. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू आडनावं एकाच उताऱ्यावर तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. आधार, उतारा आणि जुनं खरेदीखत यांतली नावं जुळत नसतील तर ती दुरुस्ती विकणाऱ्याकडून आधी करून घ्या. पेठेतल्या जुन्या वाड्याचा मूळ दस्त मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. त्यात वाटेचा किंवा सामायिक भिंतीचा हक्क लिहिलेला असू शकतो.

गुंठेवारीबद्दल स्पष्टच लिहितो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून नोटरीवर, साठेखतावर किंवा दहाबारा जणांच्या एकत्र खरेदीने विकले जातात. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. साठेखत हा पुढे विकण्याचा करार आहे, विक्री नव्हे. एकत्र खरेदीत तुमचं नाव सातबाऱ्यावर येतं, पण कोणता तुकडा तुमचा हे त्यावर नसतं. मग बांधकाम परवाना अडतो, कर्ज अडतं आणि विकायला काढलं की भावही पडतो. नियमित करता येण्यासारखी गुंठेवारी असते, पण ते काम विकणाऱ्याने पूर्ण करून द्यावं. 'नंतर होऊन जाईल' या भरवशावर ती घेऊ नये, असं आमचं मत.

महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. रस्ता रुंदीकरण किंवा आरक्षण त्यावर कळतं. होटगी रोडच्या बाजूला विमानतळामुळे उंचीची मर्यादा आहे. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली ती याच कारणाने, त्यामुळे 'वर अजून दोन मजले चढवता येतील' हे तिथे तोंडी मान्य करू नका. नान्नजच्या दिशेला प्लॉट असेल तर माळढोक अभयारण्याचे निर्बंध लागतात का, तेही बघा.

फ्लॅट असेल तर महारेराच्या (राज्यातल्या गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असले की नोंदणी सक्तीची आहे. लहान इमारतींना यातून सूट असते आणि आपल्याकडे अशा इमारती भरपूर आहेत. तिथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) स्वतः तपासावं लागतं. नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागी फ्लॅट काढून विकल्याचे प्रकार घडतात. रेरा प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. दर 'बिल्टअप'वर (भिंतींसकट) सांगतील, तुम्ही कार्पेटवर (आतली वापराची जागा) भागून बघा. ३० लाखांचा '९०० फुटी' फ्लॅट कार्पेटने ६५० निघाला तर खरा दर ३,३३३ नसून ४,६१५ रुपये आहे.

आता पाणी. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. शेजाऱ्याला विचारा: किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती वेळ आणि मोटर न लावता टाकीत पडतं का. मग टाकीचा हिशोब करा. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लिटर लागतात, पाच दिवसांना २,७००. म्हणजे घराला ३,००० लिटरची जमिनीखालची टाकी हवी. बारा फ्लॅटच्या इमारतीला याच हिशोबाने ३२,४०० लिटर लागतात. बिल्डरने १५,००० ची टाकी बांधली असेल तर टँकरचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये धरा. बोअर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, मे महिन्यात ते किती वेळ चालतं ते विचारा. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर असेल तर पाणी जड आहे, गीझर लवकर खराब होणार.

काळी माती हा वेगळाच विषय. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलतं. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा बघा. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेषा वेगळ्या, त्यांना घाबरायचं कारण नाही. भेगेत नाणं जात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणा. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर का दिला ते विचारा. घर एप्रिल-मेमध्ये बघितलेलं बरं: भेगा तेव्हा उघडतात. वरचा मजला असेल तर दुपारी तीनला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, बाकी काही विचारायची गरज उरत नाही. अशोक चौक, अक्कलकोट रोडकडे मात्र रात्रीही एक चक्कर हवी. शेजारी यंत्रमाग रात्रपाळीत चालत असेल तर झोपेचं खोबरं होतं.

पैशांचा हिशोब, शहरातल्या ३० लाखांच्या फ्लॅटवर: मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के, म्हणजे १,८०,०००. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ३०,००० वाचतात. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती जाते. रिकाम्या प्लॉटलाही ती नाही. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांपैकी जास्त रकमेवर लागतं. बांधकाम चालू असेल तर ९० चौरस मीटर कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत जीएसटी १ टक्का, त्यापुढे ५. भोगवटा मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. एखादा बिल्डर सरसकट ५ टक्के मागत असेल तर हिशोब लेखी मागा.

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण किंमत ती स्वतः ठरवते आणि मुद्रांक-नोंदणी साधारणपणे त्यात धरत नाही. म्हणून वरच्या ३० लाखांच्या फ्लॅटसाठी हातात किमान सहा लाख हवेत. 'थोडे रोखीत द्या' याला हो म्हटलंत तर करारातली रक्कम घटते, तिच्याबरोबर कर्जही घटतं आणि व्यवहार फिसकटला तर त्या रोखीचा पुरावा नसतो. २० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे १७,३५६. पंधरा वर्षं केली तर १९,६९५, आणि एकूण व्याज सहा लाखांनी कमी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

हे सगळं जमलं की इसार. लहान रक्कम, चेकने, पावतीवर उतारा नंबर, ठरलेली किंमत आणि मुदत घालून. 'टायटल सदोष निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत' ही ओळ पावतीत असलीच पाहिजे. विकणारा ती लिहायला तयार नसेल तर उठा. मग कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणून स्थानिक दैनिकात १४ दिवसांची जाहीर नोटीस द्या आणि मागची घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल भरल्याच्या पावत्या घ्या. दस्त झाल्यावर सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. फेरफार, मिळकत कराची नोंद आणि महावितरणचा मीटर, तिन्ही ठिकाणी नाव लावायचे अर्ज त्याच आठवड्यात द्या. कर्ज असेल तर नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) ३० दिवसांत भरायची असते, बँकेवर सोडून देऊ नका.