ॲम्बेसेडरच्या डेल्कोखालचा गिअर

आर्वी तालुक्यातलं एक गाव, मे महिना, आणि कापसाच्या कोठ्यात उभी असलेली मार्क टू ॲम्बेसेडर. इंजिन नुकतंच बांधलेलं: रिबोअर, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड, टायमिंग चेनसुद्धा नवी. सेल्फ मारला की कार्बोरेटरच्या तोंडातून भपकन जाळ, सायलेन्सरमधून फटाके, पण इंजिन काही धरेना.

"तीन दिवसापासून हेच होऊन राह्यलं जी," मालक म्हणाले. "करंट आहे, पेट्रोल आहे. डेल्को तं एकाच बाजूनं बसते म्हणतात, मंग चुकन कशी?" डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, चारही प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग.

पहिलं काम म्हणजे गाडी ढकलून निंबाखाली आणली. कोठ्यात कापसाची बोंदरं पडली होती आणि कार्बोरेटर जाळ टाकत होता. अशा जागी सेल्फ मारायचाच नाही.

मालकांचं, म्हणजे काकाजींचं, म्हणणं अर्धं बरोबर होतं. डेल्कोच्या दांडीखालची जीभ मधोमध नसते, एका अंगाला सरकलेली असते. तशीच खाली ड्राइव्ह गिअरची खाच. खाचेच्या एका बाजूला मोठा अर्धचंद्र उरतो, दुसऱ्या बाजूला लहान. त्यामुळे डेल्को खरोखर उलटा बसत नाही. पण ज्या गिअरच्या खाचेत तो बसतो, तो कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) तिरप्या दातांवर कुठेही बसू शकतो. इंजिन पूर्ण उघडलं की हा गिअर निघतोच, आणि परत टाकताना चूक होते ती इथे.

प्लग काढून हँडलनं इंजिन फिरवलं. पुलीची खाच टायमिंग कव्हरच्या सगळ्यात लांब काट्यासमोर आणली. एवढ्यावर फक्त एक आणि चार नंबरचे पिस्टन वर आहेत इतकंच कळतं.  कॉम्प्रेशन एकावर आहे की चारवर, हे व्हॉल्व्ह सांगतात. रॉकर कव्हर उघडलं. चार नंबरचा एक्झॉस्ट मिटत होता आणि इनलेट उघडायला लागला होता, दोन्ही रॉकर अगदी काठावर हलत होते. म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला. डेल्कोची कॅप काढली तर आत फिरणाऱ्या रोटरचं तोंड चार नंबरच्या वायरीकडे! ठिणगी बरोबर एक फेरा उलट पडत होती. चार नंबरचा इनलेट उघडताना ठिणगी पडली, तर जाळ कार्बोरेटरमधूनच येणार.

इथे बरेच जण वायरी बदलून मोकळे होतात: एक-चारची अदलाबदल, तीन-दोनची अदलाबदल. गाडी चालूही होते. मला ते पटत नाही. पुढचा मिस्त्री पुस्तकाप्रमाणे वायरी लावेल आणि पुन्हा हाच जाळ. शिवाय या गाडीत तेवढ्यानं भागणारही नव्हतं. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, शोधता शोधता कोणीतरी डेल्कोची बॉडी इतकी फिरवली होती की तिला लागलेला व्हॅक्यूमचा डबा ब्लॉकला टेकला होता, नळी ताणली गेली होती. याचा अर्थ गिअर उलटा तर होताच, वर दातही चुकलेला.

डेल्को काढला, मग तो ज्यात बसतो त्या हाउसिंगचा स्क्रू, मग हाउसिंग. आत टॉर्च मारला. खाच दोन वाजल्याच्या रेषेत आणि मोठा अर्धचंद्र उजवीकडे खाली. तो हवा एक वाजल्याच्या रेषेत आणि मोठा अर्धचंद्र डावीकडे.

गिअरच्या डोक्यात आटे असतात. त्यात अडीच सुताचा, बारीक आट्याचा, साडेतीन इंच लांब बोल्ट लागतो. टॅपेट कव्हरचा बोल्ट चालतो. तो पिळून गिअर ओढला की दात तिरपे असल्यामुळे फिरत फिरत वर येतो. परत टाकताना दातांना इंजिन ऑइल लावलं. खाच आडवी, आडवीपेक्षा किंचित खाली झुकलेली, मोठा अर्धचंद्र वर. असं धरून आत सोडलं की गिअर कॅमला लागताना डावीकडे, घड्याळाच्या उलट, फिरतो आणि साधारण एकावर येऊन थांबतो. पहिल्यांदा बारावर गेला. पुन्हा ओढला, एक दात मागे धरून सोडला, तेव्हा एकावर बसला. या सगळ्या वेळात क्रँक हलता कामा नये, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावले होते.

हाउसिंगचा स्क्रू मूळचाच लावायचा. दुसरा लावला आणि डोकं वर राहिलं, की डेल्को पूर्ण खाली बसत नाही.

आता पॉइंट, म्हणजे डेल्कोतले संपर्क; ते उघडले की ठिणगी पडते. टायमिंगच्या आधी गॅप, हा क्रम उलटा करू नये: गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे. पुस्तकात 14 ते 16 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). डेल्कोच्या कॅमच्या चारही उंचवट्यांवर फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून पाहिलं: तीनवर 15, एकावर 16. दांडीची बुश घसरलेली असती तर हे आकडे चार-पाच थाऊंनी नाचले असते, आणि मग कितीही टायमिंग लावा, मिसिंग जात नाही. कॅमवर ग्रीसचा हात, रोटरखाली ऑइलचे दोन थेंब.

वायरी 1-3-4-2, घड्याळाच्या उलट, कारण रोटर तसाच फिरतो. 12 व्होल्टचा बल्ब डेल्कोच्या कॉइलवायरीच्या टोकाला आणि अर्थला. क्लॅम्प ढिला, खालचा, टायमिंग बारीक पुढे-मागे करणारा चक्रीचा नट मधोमध. पुली पुस्तकातल्या अंशावर आणताना हँडल चालत्या दिशेनंच फिरवायचं. खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा यायचं, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजमापात येतो. इग्निशन चालू करून बॉडी आधी घड्याळाच्या उलट नेली, मग बल्ब लागेपर्यंत हळूहळू उजवीकडे. बल्ब लागला तिथे क्लॅम्प आवळला. व्हॅक्यूमचा डबा आता ब्लॉकपासून चांगला चार बोटं दूर होता.

प्लग 25 थाऊवर लावले. दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं.

पुलगाव रस्त्याला टॉपमध्ये लोड दिल्यावर किंचित टकटक आली. चक्रीच्या नटाचे 55 क्लिक म्हणजे साधारण 5 अंश. 22 क्लिक मागे घेतले, आवाज गेला. हाउसिंग आणि बॉडीवर एक सरळ ओरखडा मारून ठेवला. नव्या पॉइंटची टाच घासून बसते आणि गॅप उतरतो, म्हणून काकाजींना महिनाभरात परत बोलावलं आहे, फिलर गेज घेऊन.